वृद्धाश्रमातली निवड समिती

मुलीला आबिटुअरला एक पूर्णांक सहा मिळाले, तेव्हा मी घरी पेढे केले. इथे जर्मनीत बारावीच्या या परीक्षेत एक म्हणजे सर्वोत्तम, आणि आकडा जसजसा वाढेल तसतसं माणूस खाली, हे पुण्याला सासूबाईंना समजावून सांगण्यात माझा अर्धा शनिवार गेला.

"म्हणजे पहिली आली का गं?"

"पहिली नाही हो आई, पण खूप चांगली आली."

"मग मेडिकलला मिळेल ना?"

"मिळणार ना," मी म्हटलं. इतक्या ठामपणे म्हटलं की माझाच विश्वास बसला.

ऑगस्टमध्ये प्रवेशाच्या पोर्टलवर विद्यापीठांची उत्तरं आली. मुलगी स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसली होती आणि एकेक पान उघडून शांतपणे बंद करत होती. शेवटचं पान बंद केल्यावर तिने मान हलवली. सगळीकडून नकार. मेडिकलच्या वेगळ्या चाचणीतही तिला बरे गुण होते, पण बरे म्हणजे पुरेसे नव्हेत.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. कुठे काय चुकलं ते शोधून काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्याच संध्याकाळी मी एक एक्सेल शीट उघडलं. मार्क आता बदलणार नव्हते. तेव्हा मार्कांपलीकडे काय काय जमवता येईल, त्याची यादी केली. संशोधनाचा प्रकल्प, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र, एखाद्या संस्थेत नेतृत्व, परदेशातला अनुभव, शक्य झाल्यास वक्तृत्वाचं बक्षीस. अमेरिकेतल्या माझ्या मावसबहिणीने फोनवर आणखी सहा ओळी घातल्या. तिच्या मते मुलीने एखादं वाद्य शिकायला हवं होतं, तेही दहा वर्षांपूर्वी.

मुलीने ते शीट वरपासून खालपर्यंत वाचलं. ती मराठी सगळं समजते, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते. इथे तिचं बोलणं मी मराठीत लिहिते आहे, पण त्यातलं बहुतेक ती जर्मनमध्येच बोलली होती.

"आई, एकाच गोष्टीला इथे खरे गुण आहेत," ती म्हणाली, "आणि ती यात लिहिलेलीच नाही."

ती गोष्ट म्हणजे एक वर्षाची सामाजिक सेवा. शाळा संपल्यावर इथली बरीच मुलं ते वर्ष करतात. बऱ्याच विद्यापीठांत त्याचे थोडे जादा गुण मिळतात, शिवाय मेडिकलला लागणारं तीन महिन्यांचं शुश्रूषेचं काम त्यातच धरलं जातं. मला वाटलं, छान, एखाद्या मोठ्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत जाईल. तिने आमच्या घरापासून सायकलवर दहा मिनिटांवर असलेलं फ्लेगेहाइम निवडलं. आपल्याकडच्या भाषेत वृद्धाश्रम.

या शब्दाशी माझं पटत नाही. आपल्याकडे तो उच्चारताना आवाज आपोआप खाली येतो. आणि त्यात सासूबाई. त्यांनी पुण्यात महानगरपालिकेच्या दवाखान्यात आयुष्यभर नर्सची नोकरी केली होती, आणि नात जन्मल्यापासून त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "माझी नात डॉक्टर होणार. माझ्यासारखी बेडपॅन उचलणार नाही." आता नात नेमकं तेच करणार होती, तेही वेठबिगारी म्हणावी इतक्या खाऊच्या पैशांवर. मी त्यांना सांगितलं, "हॉस्पिटलच्या एका प्रोजेक्टमध्ये आहे." नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. तो इथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर आहे आणि घरातल्या वादांत फक्त भुवयांनी भाग घेतो.

सप्टेंबरपासून ती पहाटे साडेपाचला उठायला लागली. शाळेच्या काळात जिला उठवायला मला तीन हाका आणि एक धमकी लागायची, तीच मुलगी आता अंधारात स्वतः कॉफी करून निघायची. दुपारी परत येऊन सोफ्यावर आडवी व्हायची. "काय केलंस आज?" असं विचारलं की म्हणायची, "मोजे घातले." सुजलेल्या पायांना चढवायचे ते घट्ट, दाबाचे मोजे. एकेक चढवायला अंगठे दुखून येतात. रोज सकाळी नऊ जणांचे अठरा पाय.

मी मनात म्हणायची, अठरा मोजे घालून कोणी डॉक्टर होतं का?

नोव्हेंबरमध्ये दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे तिच्या हातून एका आजोबांचं कानाला लावायचं ऐकण्याचं यंत्र धुतलं गेलं. त्यांनी ते स्वेटरच्या खिशात ठेवलं होतं, आणि कपडे धुवायला टाकण्यापूर्वी खिसे तपासायचं काम तिचं होतं. यंत्र साठ अंशांच्या पाण्यातून निघालं ते कायमचं मुकं होऊन. ती घरी आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. तिने लगेच तिथल्या मुख्य नर्सला सांगितलं होतं, मग आजोबांच्या खोलीत जाऊन एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: "चूक माझी आहे. मला माफ करा."

"काय म्हणाले ते?"

"म्हणाले, चाळीस वर्षं कारखान्यात फोरमन होतो, पहिल्यांदाच शांतता मिळाली."

नवीन यंत्र यायला बरेच आठवडे लागले. तोवर ती पाटी-पेन घेऊन त्यांच्याशी लिहून बोलायची, आणि त्यांचं ओरडून दिलेलं उत्तर अख्ख्या मजल्याला ऐकू जायचं.

दुसरी गोष्ट आमच्या घरात झाली. रविवारी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल चालू होता. मी चहा आणायला उठले आणि तेवढ्यात त्यांनी नातीला विचारलं, "बाळा, प्रोजेक्टमध्ये काय करतेस?"

मुलीने शब्द शोधले आणि आपल्या मोडक्या मराठीत सरळ सांगून टाकलं, "आजी, मी म्हाताऱ्या लोकांना धुते."

पलीकडे सासूबाई इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा नाकावरून घसरला.

"अगं, माणसांना धूत नाहीत! कपडे धुतात. माणसांना आंघोळ घालतात, नाहीतर अंग पुसतात. पाणी आधी कोपराने बघतेस ना, गरम किती आहे ते?"

"कोपर म्हणजे?"

सासूबाईंनी स्क्रीनसमोर कोपर धरलं. मग पाऊण तास तो कॉल चालला. कूस कशी बदलायची, बदलताना स्वतःच्या कमरेला कसं जपायचं, पाठीवर कुठे लाली दिसली की सावध व्हायचं, पाणी पाजताना मान किती उचलायची. मी चहा घेऊन दाराशीच उभी राहिले. सासूबाईंचा चेहरा मी पंचवीस वर्षं बघते आहे. त्या दिवशी त्यावर जे होतं ते मी आधी पाहिलेलं नव्हतं. निवृत्त झाल्यापासून हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

शेवटी त्यांनी मला हाक मारली. मी बसले. "अहो आई, मी तुम्हाला सांगणारच होते..."

"तू गप्प बस," त्या म्हणाल्या, पण रागाने नाही. "ती कामाला लागली आहे. आता तू मध्ये येऊ नकोस."

तेव्हापासून दर रविवारी त्या दोघींचा कॉल असायचा. जी मुलगी मला "या, या" आणि "गेनाऊ", म्हणजे "हो, हो" आणि "बरोबर", यांच्यापुढे उत्तर देत नसे, ती आजीशी मराठीत बोलायला लागली. कूस, उशी, घोट, ठणका, मुंग्या येणे. तिच्या मराठीत आधी दुखण्याखुपण्याचेच शब्द आले, बाकीचे मागून.

मला मध्ये यायचं नव्हतं, पण मी आई आहे. वसंतात ती पुन्हा अर्ज करणार होती, आणि या वेळी एका विद्यापीठाकडून मुलाखतीला बोलावणं यायची शक्यता होती. मी चाळीस प्रश्न आणि त्यांची चाळीस उत्तरं तयार केली. छान छापून, फाइलला लावून तिला दिली. पहिला प्रश्न: तुम्हाला डॉक्टर का व्हायचं आहे? उत्तर: लहानपणापासून माझ्यात समाजसेवेची तीव्र तळमळ आहे. तुमचा दोष कोणता? उत्तर: मी अतिपरिपूर्णतावादी आहे. जर्मनमध्ये हे मराठीपेक्षाही भारदस्त दिसत होतं.

मुलगी ते कागद मधल्या सुट्टीत पाठ करायला फ्लेगेहाइममध्ये घेऊन जायची. तिथे एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या नजरेला ते पडले. या बाई व्हीलचेअरवर असत, वय नव्वदीच्या जवळ, पण हातात लाल पेन. एका दुपारी मुलगी घरी आली आणि फाइल टेबलावर ठेवली. चाळीसपैकी सदतीस उत्तरांवर लाल रेघ होती.

"त्यांनी विचारलं, हे कोणी लिहिलंय. मी म्हटलं, आईने. तर म्हणाल्या, लेखिकेला रविवारी कॉफीला घेऊन ये."

मी त्या रविवारसाठी शंकरपाळे करायला घेतले. मुलगी म्हणाली, "आई. दात." मग मी शंकरपाळे बाजूला ठेवून भरपूर तूप घालून मऊ शिरा केला, वर बदामाऐवजी केशर.

बैठकीच्या खोलीत खिडकीजवळ त्यांनी एक टेबल आडवं लावून घेतलं होतं. टेबलामागे तिघं. मधे मुख्याध्यापिकाबाई, अंगात इस्त्रीचा ब्लाउज. डावीकडे फोरमन आजोबा, नवं यंत्र कानात घालून, पण ते बंद ठेवून, कारण बॅटरी महत्त्वाच्या वेळेसाठी राखायची असं त्यांचं म्हणणं. उजवीकडे एक आजी, ज्यांची गावात बेकरी होती. त्यांना आताशा थोड्या वेळापूर्वीचं काही आठवत नसे, पण त्यांचा चेहरा फार प्रसन्न होता. समोर एकच खुर्ची. मी मुलीला पुढे केलं.

"नाही," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "आधी लेखिका."

मी बसले. वीस वर्षं जर्मनीत काढून, इतक्या मीटिंगा करून, त्या खुर्चीत मी टोकावरच टेकले होते.

"आल्झो, तर मग, तुमच्या मुलीला डॉक्टर का व्हायचं आहे?"

उत्तर मीच लिहिलेलं होतं. मी म्हटलं, "लहानपणापासून तिच्यात समाजसेवेची तीव्र तळमळ आहे."

"काय म्हणाली?" फोरमन आजोबांनी विचारलं.

मी जरा मोठ्याने सांगितलं. "समाजसेवेची! तीव्र! तळमळ!"

"कसली?"

"तळमळ!" मी ओरडले. खोलीतल्या सगळ्या टेबलांवरचे चमचे थांबले. दारातून एक नर्स डोकावून गेली. एखादं वाक्य तीनदा ओरडून सांगावं लागलं की त्यात किती हवा आहे ते कळतं. माझ्या वाक्यात तर सगळीच हवा होती. मला आधी लाज वाटली, मग हसू आलं, मग आवरेना. मुख्याध्यापिकाबाईही हसल्या, पण लाल पेन खाली ठेवलं नाही.

"आता तिला बसू द्या," त्या म्हणाल्या.

मुलगी बसली. माझ्यासारखी टोकावर नाही, नीट मागे टेकून.

"तुमचा दोष सांगा."

मुलगी "अतिपरि..." म्हणाली आणि फोरमन आजोबांनी टेबलावर हात आपटला. यंत्र बंद होतं, पण ओठ वाचायला ते एव्हाना शिकले होते. "माझ्या कानाचं सांग! खिशाचं सांग!"

मग तिने खिशाचं सांगितलं. घाईत होते, दोन मजल्यांचे कपडे होते, पण ते कारण नाही, असं म्हणाली. आता मी प्रत्येक खिशात हात घालते, रिकामा दिसला तरी. आणि चूक झाली की पहिल्या पाच मिनिटांत सांगते, कारण सहाव्या मिनिटाला सबब सुचायला लागते. हे वाक्य माझ्या चाळीस उत्तरांत कुठे नव्हतं.

तेवढ्यात बेकरीवाल्या आजी पुढे वाकल्या. "मुली, तू जेवलीस का?"

"हो, जेवले. बटाट्याचं सूप होतं."

मुख्याध्यापिकाबाईंनी पुढचा प्रश्न विचारला. उत्तर अर्ध्यावर असताना पुन्हा, "मुली, तू जेवलीस का?"

"हो, जेवले. सूप छान होतं. तुम्ही पण दोन वाट्या घेतलीत."

आणखी दोन प्रश्नांनंतर पुन्हा. तिसऱ्या वेळीही मुलगी त्यांच्याकडे पूर्ण वळली आणि पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर दिलं. मी त्या खोलीत मागे उभी राहून स्वतःशी विचार करत होते की माझ्या आईने फोनवर एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली तर मी काय करते. मी म्हणते, "सांगितलंस गं मघाशी."

"आता मुख्य प्रश्न," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "डॉक्टर का?"

मुलीने बेकरीवाल्या आजींच्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, "तुमचं सांगू का?" आजींनी आनंदाने मान डोलावली, कशाला ते न कळताच.

"फेब्रुवारीत एका सकाळी यांचा डावा मोजा चढेना," ती म्हणाली. "रोज चढायचा. उजवा चढला, डावा नाही. पोटरीला हात लावला तर एक बाजू जरा गरम होती. फार नाही. मी नर्सला सांगितलं. डॉक्टर आले, यांना हॉस्पिटलमध्ये नेलं. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ धरत होती. वेळेवर औषध मिळालं, आठवड्यात परत आल्या. सगळ्यांनी मला शाबास म्हटलं. पण मला वाईट वाटत होतं. मला दिसलं होतं, पण कळलं नव्हतं. डॉक्टरांनी त्याच पायाला हात लावला आणि त्यांना कळलं. मला ते हवंय. मी रोज बघते त्याचा अर्थ मला कळायला हवाय."

मला हे काहीच माहीत नव्हतं. त्या दिवशीही मी "काय केलंस आज?" विचारलं असणार आणि ती "मोजे घातले" म्हणाली असणार.

फोरमन आजोबांनी कानामागे बोट नेऊन यंत्र चालू केलं. "पुन्हा सांग," ते म्हणाले. "आता नीट ऐकतो." तिने पुन्हा सांगितलं. मुख्याध्यापिकाबाईंनी पेनाला टोपण लावलं. मग शिऱ्याचं भांडं उघडलं आणि समितीने दोनदा मागून घेतला. बेकरीवाल्या आजींनी मला हळूच सांगितलं की रवा आणखी दोन मिनिटं भाजायला हवा होता. खरंच हवा होता.

घरी येताना आम्ही दोघी सायकली हातात धरून चालत आलो. "मला फेब्रुवारीतच का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तू ते शीटमध्ये लिहिलं असतंस," ती म्हणाली. मी खरंच लिहिलं असतं. वेगळ्या रंगात.

मुलाखत जुलैत झाली. मी तिच्याबरोबर रेल्वेने गेले, पण विद्यापीठाच्या फाटकापाशीच थांबले आणि समोरच्या बेकरीत दोन तासांत तीन कॉफ्या प्यायले. ती बाहेर आली, माझ्या बशीतला उरलेला केक खाल्ला आणि म्हणाली, "एक प्राध्यापक झोपाळलेले होते. बाकी ठीक." बस, एवढंच. परतीच्या गाडीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, तिला उठवून तपशील विचारले नाहीत.

ऑगस्टच्या मध्यावर मी ऑफिसात होते. दुपारी तिचा फोन आला, पण पलीकडून आवाज तिचा नव्हता.

"आम्हाला मिळालं!" फोरमन आजोबा ओरडत होते. "आम्हाला प्रवेश मिळाला!"

मागे टाळ्या, कपांचा आवाज, मुख्याध्यापिकाबाईंचं "फोन तिच्या हातात द्या हो आता." मग मुलगी आली, हसत आणि रडत. मधल्या सुट्टीत तिने पोर्टल उघडलं होतं. मुलाखत घेतलेल्याच विद्यापीठात जागा मिळाली होती. मला क्षणभर टोचलं की बातमी त्यांना आधी कळली. पण क्षणभरच. त्या समितीने माझ्यापेक्षा जास्त काम केलं होतं. मी जिन्यात जाऊन सासूबाईंना फोन लावला. पुण्यात संध्याकाळ झालेली होती.

"अहो आई, मिळालं हो!"

"कळलं मला," त्या म्हणाल्या. "तिने मेसेज केला मघाशीच."

म्हणजे मी पाचवी.

आता ती दुसऱ्या सेमिस्टरला आहे. रसायनशास्त्राच्या एका पेपरात नापास झाली, पुन्हा बसली, पास झाली. फ्रँकफुर्टच्या आसपासच्या मराठी मंडळींतल्या आया मला फोन करून विचारतात, "मार्कांशिवाय आणखी काय केलं हो तुम्ही?" मी खरं ते सांगते, की मी काही केलं नाही, तिने मोजे घातले. बहुतेकींना वाटतं मी काहीतरी लपवते आहे.

रविवारचे कॉल अजून चालू आहेत. सध्या शरीररचनाशास्त्र चालू आहे आणि नात आजीला हाडांची लॅटिन नावं सांगते. सासूबाईंनी त्यासाठी नवी वही घातली आहे. मागच्या रविवारी मी पोळ्या लाटत होते आणि स्क्रीनवर दोघींचं मनगटाच्या आठ हाडांवरून भांडण चाललं होतं. सासूबाईंच्या वहीत सातच भरत होती.

"तूच एक गाळलंस," त्या म्हणत होत्या. "माझं लिहिलेलं कधी चुकत नाही. पुन्हा सुरुवातीपासून सांग, सावकाश."

मुलीने आपलं मनगट कॅमेऱ्यासमोर धरलं, दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यावर जागा दाखवत, आणि पहिल्या हाडापासून पुन्हा सुरुवात केली.